पुनवेची तारीख आणि पॉइंटचं तिकीट

प्रस्तावना

कचारगडच्या जत्रेची तारीख चंद्रावर ठरते. २०२४ साली माघ पौर्णिमा २४ फेब्रुवारीला आली, २०२५ साली १२ फेब्रुवारीला आणि २०२६ साली १ फेब्रुवारीला. विमानाचं तिकीट मात्र इंग्रजी तारखेचं असतं. त्यातून ते पॉइंटवर काढायचं असेल, तर त्याच्या जागा साधारण अकरा महिने आधी खुल्या होतात, आणि मोजक्याच असल्यामुळे लवकर संपतात. म्हणजे परदेशातल्या लेकीला पुढच्या वर्षी जत्रेला यायचं असेल, तर यंदाची जत्रा पांगून महिना होत नाही तोच तिला दिवस पक्का करावा लागतो.

टोरंटोजवळ राहणाऱ्या एका मुलीनं २०२४ च्या मार्चमध्ये असाच दिवस पक्का केला. २४ फेब्रुवारीची जत्रा नुकतीच झाली होती. त्याच अंदाजानं तिनं २० फेब्रुवारी २०२५ ला दिल्लीत पोचणारी तीन तिकिटं काढली: स्वतःचं, नवऱ्याचं आणि नऊ वर्षांच्या मुलाचं. चार वर्षं साठवलेले पॉइंट त्यात गेले. पावसाळ्यात तिच्या वडिलांनी पुढच्या सालची पुनव काढून पाहिली, तेव्हा कळलं की लेक दिल्लीत उतरेल त्याच्या आठ दिवस आधीच जत्रा होऊन गेलेली असेल.

वडील सालेकसा तालुक्यातले निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते माझ्या गोंदियातल्या काउंटरवर आले तेव्हा तिकिटाची प्रिंट चार घड्या करून शर्टाच्या खिशात होती. "जय सेवा भाऊ," ते म्हणाले, "हे तिकीट अलीकडं सरकवून देता येते काय?"

रेल्वे आणि विमानाच्या तिकिटांचं काम करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पैसे देऊन काढलेलं तिकीट असतं तर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं की एवढे कापले जातील, एवढे परत येतील. या तिकिटाबद्दल मला तसं सांगता आलं नाही. गुरुजींच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हे पुस्तक झालं.

कचारगड ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावाकडं आलं की डोंगरात ही भली मोठी नैसर्गिक गुहा आहे. कोया पुनेम मानणाऱ्या गोंड समाजाची श्रद्धा अशी की इथं कोंडलेल्या, माता काली कंकालीच्या लेकरांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी सोडवलं. समाजाच्या सगांची, गोत्रांची कथा इथूनच सुरू होते. १९८० च्या दशकात डॉ. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी या जागेकडं समाजाला पुन्हा वळवलं. आता माघ पुनवेला छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशातून माणसांची रीघ लागते. कुणी रेल्वेनं येतं, कुणी ट्रॅक्टरनं, कुणी डोक्यावर गाठोडं घेऊन पायी. परदेशातून येणारी मोजकी असतील, पण आहेत. त्यांचं तिकीट चुकलं तर सहल पुढं ढकलली असं होत नाही. पुनव टळली की वर्ष गेलं.

अशी तारखेला बांधलेली कारणं मराठी माणसाच्या घरात कमी नाहीत. गौरी-गणपती, पंढरीची वारी, बाळंतपण, कुणाचं आजारपण, कुणाचं शेवटचं दर्शन. आणि नेमक्या याच कारणांसाठी लोक पॉइंट साठवून ठेवतात, कारण घाईच्या वेळी रोख भाडं परवडत नाही. म्हणजे पॉइंटचं तिकीट ज्या कामासाठी काढलं जातं, तेच काम तारीख बदलायला लावणारं असतं. पॉइंट कसे जमवावेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काढलेलं तिकीट फिरवायचं कसं आणि परत कसं करायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. माझा सगळा रोख या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

आधी मुळातली गोष्ट. विमानानं प्रवास केला, कंपनीच्या नावाचं क्रेडिट कार्ड वापरलं, कधी बँकेच्या कार्डावरचे पॉइंट वळते करून घेतले, की विमान कंपनीच्या खात्यावर माइल किंवा पॉइंट जमतात. पुरेसे जमले की त्यांच्या बदल्यात तिकीट मिळतं. पण त्यावरचे कर, विमानतळाचं शुल्क आणि पुष्कळदा इंधन अधिभारही रोख भरावा लागतो. थोडक्यात, एकाच तिकिटात दोन प्रकारची नाणी असतात, आणि रद्द करताना ती दोन वेगळ्या वाटांनी परत येतात: पॉइंट खात्यात, पैसे कार्डावर. पॉइंट आले म्हणजे पैसेही आले असं धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. सहा महिन्यांनी कार्डाचं स्टेटमेंट चाळताना त्यांना कळतं की कराचे पैसे आलेच नाहीत.

बँकेकडून वळते केलेले पॉइंट बँकेकडं परत जात नाहीत. तिकीट रद्द झालं तरी ते विमान कंपनीच्या खात्यातच येऊन पडतात. त्यांची मुदत संपलेली असेल तर काही कंपन्या ते परत देऊन लगेच बाद करतात. तिकीट काढताना मुदत शिल्लक होती, हे तिथं धरलं जात नाही. गेलाच नाहीत, आणि न जाण्याचं वेळेत कळवलंही नाही, तर तो 'नो-शो'. त्यात बहुतेक ठिकाणी पॉइंट पूर्ण बुडतात. आणि तारीख बदलायची तर नुसती विमानात जागा असून चालत नाही, पॉइंटवाल्यांसाठी राखलेल्या कोट्यात ती असावी लागते. पैशाच्या तिकिटाला नऊ जागा दिसतात आणि पॉइंटला एकही नाही, हे रोजचं दृश्य आहे.

सगळ्यात घोळ घालणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. तिकीट देणारा आणि विमान उडवणारा एकच असेल असं नाही. स्टार अलायन्स १९९७ साली उभी राहिली, वनवर्ल्ड १९९९ साली, स्कायटीम २००० साली. एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये ११ जुलै २०१४ ला गेली. या युत्यांमुळे एका कंपनीच्या पॉइंटवर दुसरीच्या विमानात बसता येतं, आणि ही मोठीच सोय आहे. पण अडचण आली की प्रवासी दोघांच्या मधे सापडतो. गुरुजींच्या लेकीचं तसंच झालं. विमान ज्यांचं त्यांना फोन केला तर ते म्हणाले, तिकीट आमचं नाही. तिकीट ज्यांचं त्यांना फोन केला तर ते म्हणाले, वेळापत्रक त्यांचं, त्यांनाच विचारा. तिकडची रात्र, इकडची सकाळ, असे तिचे पंधरा दिवस गेले.

मी गुरुजींची प्रिंट काउंटरवर पसरली आणि तेरा आकडी तिकीट क्रमांकातल्या पहिल्या तीन आकड्यांना पेननं गोल केला. हे तीन आकडे तिकीट कुणी दिलं ते सांगतात. एअर इंडियाचं तिकीट असेल तर ते ०९८ असतात. बाकी प्रत्येक कंपनीचे ठरलेले वेगळे. विमानावर नाव कुणाचंही असो, बदल करायचा, कापायचं आणि परत द्यायचं ते या तीन आकड्यांच्या मालकानं. गुरुजींनी त्या गोलाकडं बराच वेळ पाहिलं, मग लेकीला फोटो काढून पाठवला.

ही पद्धत आली कुठून? १९७९ साली टेक्सास इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीनं माइल मोजायला सुरुवात केली, पण गोष्ट रुजली ती १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सच्या अ‍ॅडव्हान्टेज योजनेपासून. आठवड्याभरात युनायटेडनं तेच केलं. नुकताच तिथला विमानभाड्यांवरचा सरकारी अंकुश उठला होता. भाडी पडत होती आणि तेच तेच प्रवासी धरून ठेवायची निकड होती. त्या काळी बक्षिसाचं तिकीट म्हणजे पोस्टानं येणारं प्रमाणपत्र. ते दाखवून कागदी तिकीट घ्यायचं. तारीख बदलली की कुपनावर बोटभर स्टिकर चिकटवून नवी तारीख घालायची. हे काम मी स्वतः केलेलं आहे. तिकीट नागपूरला कंपनीच्या कचेरीत पाठवायचं आणि स्टिकर लागून ते परत येईपर्यंत जीव टांगणीला. १ जून २००८ पासून जगभर कागदी तिकीट बंद झालं. स्टिकरऐवजी 'रीइश्यू' आला. जुनं तिकीट मोडून नवं देणं, असा त्याचा अर्थ. वरवर तेच काम, पण त्यातून एक मोठी गोष्ट घडली. जुन्या तिकिटाचे नियम नव्याला लागू होतातच असं राहिलं नाही.

आपल्याकडं एअर इंडियाची फ्लाइंग रिटर्न्स आणि जेट एअरवेजची जेटप्रिव्हिलेज या योजना १९९० च्या दशकात आल्या. मोठ्या शहरातल्या कंपन्यांचे साहेब लोक, आखातात आणि अमेरिकेत ये-जा करणारी कुटुंबं, एवढ्यांनाच त्यांची माहिती होती. नंतरचा इतिहास धडधडीत आहे. किंगफिशरची विमानं २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली आणि किंग क्लबचे माइल नुसते आकडे होऊन राहिले. जेटची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, पण जेटप्रिव्हिलेज ही तोवर वेगळी कंपनी झालेली होती, तिच्यात एतिहादचा मोठा वाटा होता. ती त्याच वर्षी इंटरमाइल्स या नावानं पुढं चालू राहिली. दोन बुडत्या कंपन्या, आणि त्यांच्या पॉइंटचं नशीब वेगळं; कारण पॉइंटची पेढी कुठं घराच्या आत होती, कुठं बाहेर. पॉइंट साठवणाऱ्यानं ही गोष्ट बँकेत पैसे ठेवताना पाहतो तशी पाहायला हवी. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराची खाती एअर इंडियाच्या महाराजा क्लब योजनेत आली. त्या दिवसापुढची तिकिटं हातात असलेल्यांचे विमान क्रमांक बदलले. त्याच वर्षी इंडिगोनंही ब्लूचिप नावाची योजना काढली.

तिकीट फिरवण्याच्या बाबतीत जगात मुख्यतः तीन घराणी दिसतात. संगीतातल्यासारखीच ती एकमेकांत मिसळतात, पण मूळ स्वभाव ओळखता येतो.

पहिलं घराणं तक्त्याचं. इथून तिथवर इतके माइल, असा छापील तक्ता. तिकीट ठरल्या दरात मिळतं आणि बदलायला ठरलेली फी. बदलताना कोट्यात जागा असली की काम झालं, कारण उद्याचा दरही तोच. या घराण्यात अडचण एकच, जागेची. माझं मन अजून या पद्धतीकडं ओढतं. शाळकरी पोरालाही ती समजावून सांगता येते.

दुसरं घराणं तरत्या दराचं. अमेरिकेतल्या डेल्टानं २०१५ साली तक्ता काढून टाकला, युनायटेडनं २०१९ साली. दर रोजच्या भाड्याप्रमाणं वरखाली होतो. इथं रद्द करणं सोपं झालं. २०२० च्या महासाथीत तिथल्या मोठ्या कंपन्यांनी पॉइंट परत जमा करायची फी उठवली आणि ती पुढंही परत आणली नाही. ऐकायला फार छान. पण मोडलेलं तिकीट पुन्हा काढताना आजचा दर द्यावा लागतो. चाळीस हजारांत घेतलेली जागा नव्वद हजारांवर गेलेली असेल, तर फी माफ होऊनही काय हाती लागलं? रद्द करणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या घराण्यात ठळक दिसतं. मोडायच्या आधी नवी जागा पाहून ठेवावी लागते, शक्य असेल तर आधी हातात घ्यावी लागते.

तिसरं घराणं पायऱ्यांचं. सिंगापूर एअरलाइन्सची क्रिसफ्लायर, एमिरेट्सची स्कायवर्ड्स, एअर कॅनडाची एरोप्लान ही त्यातली मराठी कुटुंबांच्या ओळखीची नावं. एकाच विमानातली, एकाच रांगेतली जागा स्वस्त पायरीवर घेतली तर बदलायला जास्त कापतात, महाग पायरीवर घेतली तर कमी किंवा काहीच नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर सवलतीच्या मोसमी जागा असतात. क्रिसफ्लायरच्या 'स्पॉन्टेनियस एस्केप्स'सारखी तिकिटं एकदा घेतली की ना बदलता येत, ना परत करता येत. चंद्रावर चालणाऱ्या कामासाठी अशी तिकिटं काढू नयेत, हे मी काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला हात धरून सांगतो.

गुरुजींच्या लेकीचं तिकीट पहिल्या आणि तिसऱ्या घराण्याच्या मधलं होतं. नव्या तारखेला, ७ फेब्रुवारीला, पॉइंटच्या जागा निघाल्या दोन. प्रवासी तीन, आणि तिघं एकाच पीएनआरमध्ये. एक पीएनआर एकत्र असेपर्यंत यंत्र तीन जागा मागतं आणि दोन दिसत असूनही 'जागा नाही' म्हणतं. अशा वेळी पीएनआर फोडायला सांगावं लागतं. आई आणि मुलगा एका बाजूला, वडील दुसऱ्या. कंपनीच्या फोनवरची मुलगी आधी नाही म्हणाली, तिसऱ्या खेपेला दुसऱ्या कुणी होकार दिला. दोन तिकिटांची फी भरून ७ तारीख मिळाली. तिसरं, नवऱ्याचं तिकीट तसंच २० तारखेचं ठेवलं. ते रद्द करावं असं त्या घराचं मत होतं. मीच म्हटलं, थांबा.

थांबा म्हणण्यामागं कारण होतं. अकरा महिने आधी विकलेलं वेळापत्रक कंपन्या क्वचितच जसंच्या तसं पाळतात. हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रक ठरताना विमानं हलतात. बदल प्रवाशानं मागितला तर फी प्रवाशाची. बदल कंपनीनं केला तर प्रवासी नव्या वेळेला नकार देऊ शकतो. नोव्हेंबरात नेमकं तेच घडलं. युरोपातून दिल्लीला येणारं विमान कंपनीनं इतकं पुढं सरकवलं की जोडविमान सुटत होतं. बारा दिवस अलीकडची जागा द्यायला कंपनी तयार झाली नाही, पण तिकीट फीविना मोडलं. पॉइंट सगळे परत, कर सगळा परत. त्याच पॉइंटमधून दुसऱ्या वाटेनं ८ तारखेची जागा मिळाली. आणि मला आजही हळहळ वाटते ती अशी की पहिल्या दोन तिकिटांनाही आम्ही हात लावला नसता, तर त्यांची फीही वाचली असती. पण ७ तारखेच्या जागा तोवर उरल्या असत्या का? हा तोल प्रत्येक वेळी नव्यानं धरावा लागतो. त्याचं सूत्र नाही, निवाडा आहे.

दिल्ली ते नागपूर हे तिकीट वेगळं, पैशानं काढलेलं आणि परत न होणारं होतं. तेही तिघांचं वाया गेलं. तरी तिथं आपला भारतीय नियम कामी आला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तिकीट परताव्याच्या नियमांत स्पष्ट आहे की मूळ भाडं परत न होणारं असलं, सवलतीचं असलं, तरी वैधानिक कर आणि विमानतळाचं विकास शुल्क परत करावंच लागतं. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त लावता येत नाही. एजंटकडून काढलेलं तिकीट असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच. हे पैसे मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही, आणि आपली माणसं मागत नाहीत. गुरुजींना ते मिळाले. रक्कम मोठी नव्हती, पण त्यांनी ती वहीत लिहून ठेवली.

कायद्याकडं पाहिलं तर पॉइंटचं तिकीट हे 'खरं' तिकीट आहे का, या प्रश्नाचं उत्तर देशोदेशी वेगळं आहे. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम फुकट प्रवास करणाऱ्यांना वगळतो, पण त्याच कलमात म्हणतो की निष्ठा योजनेतून दिलेल्या तिकिटाला मात्र तो लागू आहे. एका वाक्यानं त्यांनी वाद संपवला. अमेरिकेच्या परिवहन खात्यानं २०२४ साली केलेल्या नियमात विमान रद्द झालं किंवा फार बदललं तर परतावा मूळ ज्या रूपात दिला त्याच रूपात हवा, आणि माइल हेही असं एक रूप मानलं आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढं हे वाद दोनदा मोठ्या स्वरूपात गेले. १९९५ च्या वोलेन्स खटल्यात, आधीच साठवलेल्या माइलवर कंपनीनं मागाहून नव्या अटी लादल्या म्हणून लोक कोर्टात गेले. कराराचा भंग झाला असं म्हणण्याची वाट न्यायालयानं खुली ठेवली. २०१४ च्या गिन्सबर्ग खटल्यात मात्र, फार तक्रारी करतो म्हणून योजनेतून काढून टाकलेल्या माणसाला, कंपनीनं सद्भावनेनं वागायला हवं होतं या मुद्द्यावर दाद मिळाली नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळतं, जे करारात लिहिलं आहे तेच हातात राहतं. म्हणून अटी वाचायच्या, आणि तिकीट काढलं त्या दिवशीच्या अटींची प्रत जपून ठेवायची.

आपल्याकडं पॉइंटच्या तिकिटाबद्दल इतकं सरळ वाक्य मला सापडलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं टाळेबंदीतल्या तिकिटांच्या परताव्याचा निकाल दिला. त्यात पैसे लगेच देऊ न शकणाऱ्या कंपन्यांनी ती रक्कम प्रवाशाच्या नावे जमा ठेवायची आणि दर्शनी किमतीवर महिन्याला आधी अर्धा टक्का आणि जुलैपासून पाऊण टक्का वाढ द्यायची असं ठरलं. निकाल प्रवाशाच्या बाजूचा होता. पण साठ हजार पॉइंट आणि चार हजार रुपये कर दिलेल्या तिकिटाची दर्शनी किंमत काय धरायची? चार हजार? माझं मत स्पष्ट आहे. पॉइंट फुकट मिळत नाहीत. ते भाड्यात, कार्डाच्या वार्षिक फीमध्ये, दुकानात दिलेल्या प्रत्येक रुपयात आधीच भरलेले असतात. कंपन्यांच्या ताळेबंदातही न वापरलेले पॉइंट देणं म्हणूनच दाखवले जातात. अमेरिकेत तर महासाथीच्या संकटात युनायटेडनं २०२० साली आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टानं ९ अब्ज. जी गोष्ट तारण ठेवून अब्जावधी मिळतात, ती प्रवाशाच्या हातात आली की फुकट कशी होते? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली हा मुद्दा ग्राहकानं मांडायला हवा, आणि ठामपणे मांडायला हवा.

हे सगळं गोंदियासारख्या जिल्ह्यातल्या वाचकानं आत्ताच का वाचावं, असं मला एका मित्रानं विचारलं. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. तिथं वैमानिक घडवणारी संस्था आली, पोरं वर घिरट्या घालत शिकली आणि आम्ही खालून पाहिलं. प्रवासी विमान मात्र २०२२ च्या मार्चमध्ये आलं. ते काही महिन्यांत थांबलं. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोची हैदराबाद आणि तिरुपतीला जोडणारी सेवा सुरू झाली. तिरुपतीला जाणारा आमचा शेतकरी, भाताचा व्यापारी, शिक्षक आता विमानात बसतो, त्याच्या खिशातल्या कार्डावर पॉइंट जमतात, आणि घरातलं कुणीतरी पुण्यात, बंगळुरूत, दुबईत किंवा टोरंटोत आहे. रेल्वेचे नियम इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. तात्काळचं पक्कं तिकीट रद्द केलं तर पैसे येत नाहीत हे शाळकरी मुलगाही सांगेल. पॉइंटच्या तिकिटाबद्दल तेवढी जाण अजून आलेली नाही. ती यावी म्हणून मी लिहितो आहे.

या पुस्तकात फीचे तक्ते मी मुद्दाम दिलेले नाहीत. ते छापून होईपर्यंत जुने होतात आणि वाचक फसतो. त्याऐवजी नियम कसा वाचायचा, कुठला शब्द शोधायचा, फोनवर काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही, यावर भर आहे. 'रीइश्यू', 'नो-शो', 'पीएनआर' हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण फोनच्या पलीकडचा माणूस तेच बोलतो. त्याला मराठी प्रतिशब्द सांगून काम व्हायचं नाही. उदाहरणं सगळी काउंटरवरची आहेत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, आणि ज्या कंपन्यांकडून त्रास झाला त्यांचीही. माझा हेतू कुणाला बदनाम करण्याचा नाही. ज्यांना पॉइंट जमवण्याच्या युक्त्या हव्यात त्यांची इथं निराशा होईल. ज्यांच्या हातात तिकीट आहे आणि घरातली गोष्ट बदलली आहे, त्यांनी कुठलंही पान उघडावं.

गुरुजींची लेक २०२५ च्या जत्रेला पोचली. नवरा एक दिवस मागून आला. १२ तारखेला धनेगावाच्या गर्दीत मी त्यांना लांबून पाहिलं. नातू आजोबांच्या खांद्यावर बसण्याइतका लहान राहिला नव्हता, तरी बसला होता.

यंदाच्या मार्चमध्ये गुरुजी पुन्हा काउंटरवर आले. या वेळी प्रिंट नव्हती, वही होती. "यंदा अधिक ज्येष्ठ आहे भाऊ," ते म्हणाले, "म्हणजे पुनव मागं जायची नाही, पुढं जाईल." त्यांनी बोटांवर मोजलं, वहीत आकडा लिहिला आणि माझ्याकडं वळवला. २० फेब्रुवारी २०२७, शनिवार. खाली लेकीच्या अक्षरात तीन ओळी होत्या: तिकीट देणाऱ्या कंपनीचं नाव, बदलायची पायरी, आणि पॉइंटची मुदत संपायची तारीख. मी पडदा त्यांच्याकडं फिरवला आणि आम्ही दोघं मिळून जागा पाहू लागलो.